पाटाचं दुसरं टोक

शाडूची मूर्ती साच्यातून निघाल्यापासून टेम्पोत चढेपर्यंत सात-आठ वेळा जागा बदलते. साच्याकडून सावलीत, सावलीतून पंख्याखाली, तिथून घासकामाला, मग रंगाला आणि शेवटी डोळ्यांच्या आखणीला. दर वेळी ती पाटासकट उचलावी लागते आणि पाटाला दोन टोकं असतात. पेणजवळच्या म्हात्र्यांच्या कारखान्यात एका टोकाला हरेश्वर असायचा, तर दुसऱ्या टोकाला त्याची मुलगी जुईली.

प्लॅस्टरच्या मूर्ती पूर्ण बंद झाल्यावर सगळ्या कारखान्यांतलं वजन एकदम वाढलं होतं. पूर्वी प्लॅस्टरची पोकळ मूर्ती एकटा माणूस छातीशी धरून न्यायचा. तेवढ्याच उंचीची शाडूची मूर्ती दोघांना घाम फोडते. तीन हंगामांत हरेश्वरची कंबर अशी धरली, की सकाळी चहाचा कप खाली ठेवायलाही तो भिंतीला हात लावायचा.

गुप्ते मॅडमच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता होता. ‘पाठदुखीची नेहमीची कारणे : वाकून वजन उचलणे. तासन्‌तास एका जागी बसणे. कमकुवत स्नायू. सुटलेले पोट. अपुरी झोप. चिंता. वय.’

“यातलं पोट सोडलं तर सगळं हाय माझ्याकडं,” हरेश्वर म्हणाला.

“पोटपण लिहा, मॅडम,” त्याची बायको वनिता शेजारून म्हणाली.

गुप्ते मॅडम हसल्या. त्यांनी पाठीचे फोटो बाजूला ठेवले. “फोटोत फारसं काही नाही. बहुतेक पाठदुखीत नसतंच. मणक्यांमधली गादी थोडी झिजलीय, पण तेवढी झिजलेली गादी घेऊन ठणठणीत फिरणारी माणसं मी रोज बघते. तुमची अडचण वेळेची आहे.”

“वेळेची?”

“मणक्यांना अगदी चिकटून छोटे, खोल स्नायू असतात. तुम्ही हात पुढे केला, की हात हलायच्या आधीच ते आवळले जातात. पापणी लवायच्याही आत. म्हणजे वजन येतं तेव्हा कणा तयार असतो. एकदा पाठ धरली, की हे स्नायू आळसावतात आणि उशिरा जागे होतात. तोवर सगळा भार गाद्यांवर आणि सांध्यांवर पडून गेलेला असतो. मग पुन्हा दुखतं, स्नायू आणखी घाबरतात, आणखी उशीर करतात.”

त्यांनी खणातून एक पट्टा काढला. बोटभर जाडीचा, मऊ, राखाडी. आतल्या बाजूला टिकलीएवढी धातूची बटणं दोन ओळींत बसवलेली होती. त्याचं नाव होतं ‘सावर’.

“ही बटणं स्नायूंमधली वीज ऐकतात. तुम्ही वाकणार, उचलणार, हे तुमच्या हातांच्या आधी पट्ट्याला कळतं. मग तो त्या आळशी स्नायूंना एक हलका झटका देतो. मुंगीसुद्धा याच्यापेक्षा जोरात चावते. पट्ट्याला एकच काम सांगितलेलं आहे. तुमच्या गाद्यांवरचा दाब कमीत कमी ठेवायचा. तो कसा ठेवायचा, हे पट्टा रोज तुमच्याच हालचालींवरून शिकत जातो.”

“म्हंजे जन्मभर बांधायचा?”

“छे! पाच-सहा महिने. नंतर काढून टाकायचा. तोवर शरीर शिकलेलं असतं.”

जुईली तेव्हा खिडकीशी उभी होती. तिने भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि मग कारखान्यातच आली होती, कुणी बोलावलं म्हणून नाही, तिला आखणी यायची म्हणून. सावरची कल्पना तिला फार आवडली. तिने पट्टा हातात घेऊन बटणं मोजली, मॅडमना चार प्रश्न विचारले आणि घरी जाताना वडिलांना तेच सगळं पुन्हा समजावून सांगितलं.

महिनाभरात हरेश्वर बदलला. आधी भिंतीचा हात सुटला, मग कण्हणं सुटलं. दिवाळीनंतर साचे भरायला बसला तेव्हा तो गाणं म्हणत होता.

मूर्ती उचलायची त्यांची एक रीत होती. दोघांनी वाकून पाटाच्या कडा धरायच्या, हरेश्वरने “मोरया!” म्हणायचं आणि शेवटच्या अक्षराला दोघांनी एकदम उठायचं. आता हरेश्वर पहिल्याच अक्षराला उठू लागला. ठेवतानाही तसंच. जुईलीचं टोक जमिनीला टेकलं, की मग क्षणभराने त्याचं टेकायचं.

“शेठ, केवढी घाई!” कारखान्यातला जुना कारागीर हसुराम म्हणाला. “बाप्पा काय पलून चाललाय?”

“बाप्पा हलका झालाय, हसुराम. तुला नाय कलायचं ते.”

“मला पट्टा घेऊन द्या. मंग कलेल.”

हरेश्वरने खरंच त्याच्यासाठी पट्टा मागवला. मग साचेवाल्या दोघांसाठीही. गल्लीतल्या बाकीच्या कारखान्यांतही तेच चाललं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून माणसं एकमेकांना फोनमधला हिरवा आकडा दाखवायची. आज कण्यावर किती ताण आला, कालच्यापेक्षा किती कमी. जुईलीची पाठ ठीक होती, म्हणून तिच्यासाठी कुणी मागवला नाही.

चैत्रात तिला पहिली कळ आली. उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या जरा वर. अवघडले असेन, असं म्हणून तिने सोडून दिलं. वैशाखात ती कळ खाली मांडीपर्यंत उतरली.

आखणी करणाऱ्याचा हात स्थिर असतो, असं लोक म्हणतात. खरं तर पाठ स्थिर असावी लागते. मूर्तीसमोर मांडी घालून, किंचित पुढे झुकून, श्वास अर्धा सोडून बुबुळाची कड ओढायची असते. जुईलीच्या आखणीसाठी दादरहून, पुण्याहून माणसं हंगाम सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवायची. तिने ओढलेल्या डोळ्यांत एक प्रकारचं लक्ष असे. खोलीत कुठेही बसा, मूर्ती आपलं बोलणं ऐकतेय असं वाटायचं.

एका दुपारी कड ओढताना कळ आली आणि कुंचला पापणीवर गेला. हरेश्वरने ओलं फडकं आणून तो डोळा पुसला. मुलीने काढलेला डोळा त्याने पहिल्यांदाच पुसला होता.

“काय गो, दुखतंय?”

“थोडं.”

“उद्या मॅडमकडं जा. तूपण सावर घे. माझं बघ, पन्नाशी उलटून विशीतला झालो.” त्याने फोन पुढे केला. “मघाची ती मोठी उचलली ना आपण? बघ, हातातलं वजन किती दाखवतोय. अठ्ठावीस किलो! मी सांगतो तुला, बाप्पा हलका होतो.”

जुईलीने आकडा पाहिला. ती मूर्ती साधारण नव्वद किलोंची होती. शाडूची पोती तिनेच मोजली होती. दोघांत वाटली तर प्रत्येकी पंचेचाळीस.

“पप्पा,” ती म्हणाली, “एक गंमत करायची?”

वनिताने शेजारून वजनकाटा आणला, एक घरात होताच. दोन्ही काटे जमिनीवर ठेवून जुईलीने एकावर वडिलांना उभं केलं आणि दुसऱ्यावर ती स्वतः उभी राहिली. मधे पाट आणि पाटावर मूर्ती. आधी दोघांची नुसती वजनं वनिताने पाठ करून ठेवली. मग हरेश्वरने नेहमीसारखी हाक दिली, दोघं उठले, आणि वनिताने दोन्ही काटे वाचले.

हरेश्वरच्या वाट्याला तीस किलोसुद्धा आलं नव्हतं. बाकीचं सगळं जुईलीकडे होतं.

“काटा बिघडलाय,” हरेश्वर म्हणाला.

त्यांनी काटे बदलले. आकडे माणसांबरोबर गेले, काट्यांबरोबर नाही.

रात्री जुईलीला ते उलगडलं तेव्हा ते इतकं साधं निघालं, की तिला स्वतःचाच राग आला. जिन्यावरून कपाट चढवताना खालच्या माणसाला जास्त वजन येतं, हे हमालसुद्धा सांगेल आणि भौतिकशास्त्रसुद्धा. उंच वस्तू कलली, की तिचा भार खालच्या टोकाकडे सरकतो. गणपतीची मूर्ती उंच असते आणि तिचा जडपणा वर असतो, डोक्यात, सोंडेत, खांद्यांत. जो आधी उठेल, जो चार बोटं उंच राहील आणि उशिरा टेकवेल, त्याचं टोक हलकं होणार.

पट्ट्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त एका माणसाच्या पाठीवरचा दाब कमी ठेवायला सांगितलं होतं. स्नायू वेळेवर जागे करून जेवढा कमी होणार होता तेवढा झाल्यावर त्याने पुढचा मार्ग शोधला. समोर दुसरी पाठ होती. ती त्याच्या हिशेबात नव्हती.

आणि पाहणाऱ्याला काय दिसत होतं? एक उत्साही बाप, जो मुलीच्या आधी वजन उचलतो आणि तिच्यानंतर खाली ठेवतो.

तिने लगेच सांगितलं नाही. काटा बिघडलाय हे वडिलांचं म्हणणं तिने तसंच राहू दिलं. ओट्यावर तो हसुरामशी कुस्तीच्या गप्पा मारत होता, हातवारे करत होता, मधेच उठून पेच दाखवत होता. तीन वर्षांत तिने त्याला असं पाहिलं नव्हतं. सांगितलं तर तो त्याच क्षणी पट्टा काढेल, हे तिला माहीत होतं. आणि मग पुन्हा ती भिंत, ते कण्हणं.

दुसऱ्या दिवशी ती गुप्ते मॅडमकडे गेली. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. वय, पोट, बैठं काम या तक्त्यातल्या कारणांत बसतील अशी माणसंही फारशी दिसत नव्हती. बहुतेक जण तरुण होते. एक वीटभट्टीवरची बाई, रुग्णालयातली एक मावशी, लग्नाच्या मांडवाचं सामान वाहणारा एक जण, केळीच्या वखारीतले दोघे.

जुईलीने घसा साफ केला. “एक विचारू का सगळ्यांना? तुम्ही ज्याच्यासोबत वजन उचलता, त्याच्याकडे सावर आहे का?”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. “माझ्या नवऱ्याकडं हाय,” वीटभट्टीवरची बाई म्हणाली. “मागच्या दिवालीपासून.”

“आमच्या वॉर्डातल्या दुसऱ्या मावशीकडे आहे. पेशंटला आम्ही दोघी मिळून उचलतो.”

“भावाकडं.”

“शेठनं त्याला दिला, मला नाय दिला,” मांडववाला म्हणाला आणि हसला. मग हसू आवरून तो जुईलीकडे पाहू लागला. “का? काय झालं?”

गुप्ते मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी टेबलावर पेन आडवं धरलं आणि एक टोक वर केलं.

“मी रोज प्रत्येकाला विचारते, किती उचलता, कसं उचलता, किती वेळ बसता,” त्या म्हणाल्या. “कुणासोबत उचलता, हे आजवर कुणालाच विचारलं नाही.”

“आता?”

“कंपनीला आजच कळवते.”

कंपनीचं उत्तर आठवड्याने आलं. सावर वापरणाऱ्या प्रत्येकाचा कण्यावरचा ताण घटला आहे, उपकरण ठरल्याप्रमाणेच काम करतं आहे, आणि सोबतच्या व्यक्तीला त्रास होत असल्यास तिनेही सावर वापरावा, असं त्यात होतं.

सोबतच्यानेही वापरला तर काय होतं, ते त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात दिसलं. तिथे दोघे भाऊ मूर्ती उचलायचे. थोरल्याकडे पट्टा होताच, धाकट्यानेही महिन्यापूर्वी घेतला होता. हसुराम तिथेच उभा होता.

“दोघंपन एकदम उठले,” तो सांगत होता, “मंग हा वर, तो त्याच्या वर, परत हा वर. चवड्यांवर उभे राहिले दोघं. पाट गदगदा हलाय लागला. मी वरडलो, सोडा, ठेवा खाली. ते म्हनतात, आमी कुठं काय करतोय? आनि मूर्ती गेली ना धाकट्याच्या पायावर.”

त्या संध्याकाळी जुईलीने वडिलांना सांगितलं. पेन आडवं धरून दाखवलं, काट्यांचे आकडे पुन्हा सांगितले. तिचं बोलून झाल्यावर हरेश्वरने विचारलं, “म्हंजे तुझी पाठ माझ्यामुलं गेली?”

“तुमच्यामुळे नाही. पट्ट्यामुळे.”

“पट्टा कुनी बांधला होता?”

तो उठला, शर्ट वर करून पट्टा सोडला आणि मातीच्या हौदात टाकून दिला. वनिता म्हणाली, “अहो, निदान विकला तरी असता.”

हंगाम डोक्यावर होता, पण पुढचे काही आठवडे जुईलीने वजन उचललं नाही. मॅडमनी तिला व्यायाम दिले होते. कळ मांडीतून वर सरकली, कमरेपर्यंत आली, हळूहळू बोथट झाली. ती पुन्हा आखणीला बसली. डोळे पूर्वीसारखे उतरू लागले. आश्चर्य म्हणजे पट्टा काढूनही हरेश्वरची पाठ दुखली नाही. मॅडम म्हणाल्याच होत्या, शरीर शिकलेलं असतं. मूर्ती तो आणि हसुराम उचलत होते, आणि हसुरामलाही त्याने पट्टा काढायला लावला होता. घामाने खाजतो म्हणून हसुराम तो तसाही क्वचितच बांधायचा.

एका सकाळी हसुराम आला नाही. पाठ धरली, म्हणून त्याच्या मुलीने निरोप दिला.

जुईली हातातला कुंचला तसाच धरून उभी राहिली. मग तिने काटे मांडले.

“आता कशाला?” हरेश्वर म्हणाला. “पट्टा हाय कुठं?”

“एकदाच, पप्पा. छोटी मूर्ती घेऊ.”

वनिताने आकडे वाचले. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. निम्म्याहून खूप जास्त वजन जुईलीच्या बाजूला होतं. पट्टा होता तेव्हाच्याच प्रमाणात.

“परत,” हरेश्वर म्हणाला.

या वेळी तो दात आवळून खाली राहिला. गुडघे वाकवलेले, मान आखडलेली. आकडे जवळ आले, जवळजवळ सारखे झाले. “बघ!” तो म्हणाला, आणि तेवढं एक बोलण्यात लक्ष गेलं, तसा पाट त्याच्या बाजूने अलगद वर आला. तो उचलला जाताना तिघांनीही पाहिला. हरेश्वरला मात्र आपण काही केलं असं जाणवलं नव्हतं.

त्यांनी मूर्ती खाली ठेवली. जुईलीचं टोक आधी टेकलं.

श्वास घ्यायला, तोल सांभाळायला आपण विचार करत नाही. ते काम मेंदूच्या खालच्या मजल्यावर आणि मज्जारज्जूत चालतं. तिथे एकदा पक्कं झालेलं सहसा पुसलं जात नाही. माणूस वर्षानुवर्षांनी सायकलवर बसतो आणि पडत नाही, तसंच हेही. हरेश्वरच्या शरीराने आपली पाठ वाचवायला शिकून घेतलं होतं आणि हरेश्वरला त्यात विचारण्याचं काही कारण नव्हतं. गुप्ते मॅडमनी फोनवर हे सगळं कबूल केलं. एकट्या राज्यात सावर वापरून झालेली माणसं लाखांनी होती. त्यातल्या कितींनी पट्टा कधीच काढून कपाटात ठेवला असेल, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

“मी यापुढं हात लावनार नाय,” हरेश्वर म्हणाला. “कशालाच.”

गल्लीत सावर न बांधलेलं माणूस शोधणं अवघड होतं. त्यामुळे दादरची मोठी मूर्ती टेम्पोपर्यंत न्यायची वेळ आली, तेव्हा पदर खोचून वनिताच पुढे आली. “मी कधी पट्टा बांधला नाय आणि बांधनारपन नाय. चल गो. वाक.”

हरेश्वर दाराशी उभा राहिला. मायलेकी उठल्या. पाट सरळ वर आला, पाण्याच्या पातळीसारखा. जुईलीला किती महिन्यांनी निम्मं वजन म्हणजे काय ते हाताला कळलं. सावकाश, एकेक पाऊल टाकत त्या चालल्या.

दाराजवळ सांडलेल्या ओल्या मातीवर वनिताचा पाय सरकला. ती पडली नाही, नुसती डगमगली, पण मूर्ती तिच्या बाजूला झुकली. हरेश्वर झेपावला. त्याने वनिताच्या शेजारी पाटाखाली दोन्ही हात घातले, कुणीही घातले असते तसे.

क्षणभर पाट सावरला. मग तो त्याच्या हातांकडच्या कोपऱ्यात वर चढला आणि सगळं ओझं तिरपं होऊन शेजारच्या वनिताच्या मनगटांवर आलं. तिच्या तोंडून आवाज निघाला.

“पप्पा, सोडा!” जुईली ओरडली. “हात काढा!”

त्याने हात काढले. मायलेकींनी मूर्ती कशीबशी टेकवली. मूर्तीला काही झालं नव्हतं. वनिता मात्र तिथेच, मातीत, खाली बसली. एक हात कमरेवर, डोळे मिटलेले. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, दुसरा हात नवऱ्याकडे उचलला आणि म्हणाली, “बघत काय राहिलात? हात द्या ना.”

हरेश्वर एक पाऊल पुढे आला. तिचा हात त्याच्यासमोर होता, बोटांना शाडू लागलेली. तो तिथेच थांबला, आणि त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

“जुई,” तो म्हणाला, “आईला उठव.”